शंभर खेळाडूंचें बेट

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस निजामशाहीचा भुईकोट किल्ला आहे. त्याची तटबंदी वाटोळी असून तिच्या भोंवतीं रुंद खंदक आहे. १५९५-९६ च्या मोंगली वेढ्यांत याच तटाला सुरुंगानें खिंडार पडलें आणि चांदबिबीनें स्वतः उभें राहून तें रातोरात बुजवून घेतलें, ही हकीकत नगरच्या मुलांच्या कानांवर शाळेंत जाण्यापूर्वींच पडते. शहरालगत लष्कराच्या चिलखती दलाचें रणगाडा-संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं उघडलें. जुन्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक यंत्रें तेथें मांडून ठेविलेलीं आहेत.

ज्या गांवांत खऱ्या युद्धाच्या खुणा इतक्या जवळ आहेत, तेथील मुलांनीं युद्धाचा खेळ खेळावा यांत नवल नाहीं. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करावा, त्यावर अळीव पेरावें, बुरुजाबुरुजावर मावळे मांडावे आणि शेजारच्या किल्ल्यावर चाल करून जावें, हा महाराष्ट्रांतील मुलांचा पिढीजात उद्योग आहे. परंतु २०१८ सालापासून नगरच्या काय किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या काय, घरोघरच्या बोलण्यांत एक निराळाच शब्द ऐकूं येऊं लागला. तो शब्द ‘पबजी’. जेवणाचें ताट वाढून झालें तरी मुलगा उठेना. विचारावें तर उत्तर येई, ‘आतां मधूनच सोडतां येत नाहीं.’ हें उत्तर उद्धटपणाचें आहे असें वडील माणसांना वाटे, आणि यांना कांहींच समजत नाहीं असें मुलाला वाटे. घरांतील पुष्कळशा कलहाचें मूळ या एका वाक्यांत होतें. तें वाक्य खरें होतें कीं खोटें, हें कळण्यासाठीं हा खेळ काय आहे, तो कोठून आला, आणि या देशांतून दोनदां हद्दपार होऊनही तो परत कसा आला, हें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप. शंभर खेळाडू एका विमानांत बसून एका बेटावरून जातात. हें बेट अर्थात् पडद्यावरचें. ज्याला जेथें वाटेल तेथें तो हवाई छत्री घेऊन उडी टाकतो. खालीं उतरतांना कोणाच्याही हातांत शस्त्र नसतें. ओसाड घरांतून आणि कोठारांतून हिंडून बंदूक, दारूगोळा, शिरस्त्राण, औषधपाणी ज्याचें त्यानें शोधावयाचें. मूळच्या बेटाचें नांव एरँगल. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकीं आठ किलोमीटर. एवढ्या विस्तीर्ण जागेंत शंभर माणसें एकमेकांस चुकवून सहज राहतील, म्हणून खेळाच्या कर्त्यानें एक युक्ति केली आहे. बेटावर एक वर्तुळ पडतें, आणि तें ठराविक वेळानें लहान लहान होत जातें. वर्तुळाबाहेर जो राहील त्याचें बळ क्षीण होत जाऊन तो बाद होतो. म्हणून सर्वांना आंत सरकावें लागतें, गांठी पडतात, चकमकी होतात, आणि सुमारें अर्ध्या तासानें शंभरांपैकीं एक जण, अथवा चौघांची एक तुकडी, शिल्लक उरते.

ज्यांनीं संगीत-खुर्ची खेळली आहे त्यांना यांतील तत्त्व नवें वाटणार नाहीं. तेथें खुर्च्या कमी होतात, येथें भूमि कमी होते. तुकडीनें खेळतांना एखादा गडी घायाळ होऊन पडला, तर ठराविक वेळांत दुसऱ्या गड्यानें त्याच्यापाशीं जाऊन त्याला पुन्हां उभें करावें अशीही सोय आहे. ती पाहून हुतूतूमधील मेलेला गडी जिवंत होण्याची आठवण येते. चौघे मित्र चार घरांत बसून कानाला लावलेल्या यंत्रांतून एकमेकांशीं सतत बोलत असतात. एकानें मागची बाजू राखावी, दुसऱ्यानें टेकडी धरावी, तिसऱ्यानें जखमीला उचलावें, अशी कामाची वांटणी चाललेली असते. आतां या चौघांतील एक जण जेवावयाला उठला तर काय होईल? खेळ थांबत नाहीं. उरलेले शहाण्णव त्याच्यासाठीं खोळंबत नाहींत. तो उभ्या जागीं मारला जातो आणि त्याच्याबरोबर त्याचे तीन मित्रही अडचणींत येतात. तेव्हां ‘मधूनच सोडतां येत नाहीं’ हें मुलाचें उत्तर या खेळापुरतें अक्षरशः खरें आहे. बुद्धिबळाचा डाव झांकून ठेवतां येतो. हा डाव झांकतां येत नाहीं.

असा खेळ एका दिवसांत किंवा एका डोक्यांतून निघालेला नाहीं. त्याची वंशावळ जवळजवळ पन्नास वर्षांची आहे. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या कॅलिफोर्नियांतील एका केंद्रांत कांहीं तरुणांनीं संगणकाच्या पडद्यावर एक चक्रव्यूह काढला. त्यांतून फिरतां फिरतां समोर दुसरा खेळाडू आला कीं त्याला टिपावयाचें, एवढाच तो खेळ. प्रतिस्पर्धी दिसे तो एका मोठ्या डोळ्याच्या आकृतीच्या रूपानें. पुढें हा ‘मेझ वॉर’ मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत गेला, आणि तारेनें जोडलेल्या संगणकांवर दूर दूर बसलेलीं माणसें एका चक्रव्यूहांत भेटूं लागलीं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनींच रणांगण दिसावें आणि समोरचा शत्रु हें यंत्र नसून दुसरा जिवंत मनुष्य असावा, या दोन कल्पना येथें प्रथम एकत्र आल्या.

त्यानंतर वीस वर्षांनीं, १९९३ च्या डिसेंबरांत, टेक्सासमधील एका लहानशा मंडळीनें ‘डूम’ नांवाचा खेळ बाहेर काढला. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो हे त्यांतील प्रमुख. या खेळांत एका वेळीं चौघांना परस्परांशीं लढतां येई, आणि कचेरीच्या संगणकांवर त्याचें एवढें वेड पसरलें कीं कांहीं संस्थांना त्यावर बंदी घालावी लागली. म्हणजे या खेळांवरील बंदीचा इतिहासही त्यांच्याइतकाच जुना आहे. परंतु ‘डूम’चें खरें महत्त्व दुसऱ्याच गोष्टींत आहे. त्याच्या कर्त्यांनीं खेळाचें यंत्र आणि खेळांतील सामग्री हीं वेगवेगळीं ठेवलीं. त्यामुळें सामान्य खेळाडूलाही त्यांतील भिंती, वाटा, चित्रें बदलून आपला निराळा खेळ तयार करतां येऊं लागला. कर्त्यांनीं याला हरकत तर घेतली नाहींच, उलट उत्तेजन दिलें.

या औदार्याचें फळ मोठें आलें. १९९८ मध्यें ‘हाफ-लाइफ’ नांवाचा खेळ निघाला. मिन् ली हा कॅनडांत शिकणारा व्हिएतनामी वंशाचा विद्यार्थी आणि त्याचा सहकारी जेस क्लिफ यांनीं त्यांत फेरफार करून १९९९ च्या जूनमध्यें ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला. दहशतवादी आणि त्यांना रोखणारे सैनिक असे दोन पक्ष, लहान डाव, आणि एकदां बाद झालें कीं पुढच्या डावापर्यंत स्वस्थ पाहत बसणें, हे त्याचे नियम. मूळ खेळाच्या मालकांनीं या दोघांना आपल्या पदरीं घेतलें आणि २००० सालीं तो खेळ रीतसर बाजारांत आला. महाराष्ट्रांतील ज्या पिढीनें या शतकाच्या आरंभीं सायबर कॅफेंत तासाच्या भाड्यानें बसून संगणक हाताळला, त्या पिढीला हें नांव चांगलें परिचित आहे. त्या काळीं खेळावर मर्यादा घालण्याचें काम दुकानदाराचें घड्याळ आणि मुलाचा खिसा हीं दोघें आपोआप करीत. तास संपला, पैसे संपले, कीं खेळ संपला. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे, म्हणून ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

फेरफार करणाऱ्यांची ही परंपरा पुढेंही चालू राहिली. न्यूझीलंडच्या सैन्यांत काम केलेला डीन हॉल यानें २०१२ सालीं एका झेक मंडळीच्या ‘आर्मा-२’ या युद्धखेळांत बदल करून ‘डेझी’ नांवाचा खेळ केला. विस्तीर्ण ओसाड प्रदेशांत अन्नपाणी आणि शस्त्रें शोधून जीव जगवावा, असा त्याचा विषय. त्या वेळीं ब्राझीलमध्यें ब्रेंडन ग्रीन नांवाचा एक आयरिश गृहस्थ राहत असे. छायाचित्रें काढणें आणि संकेतस्थळांची मांडणी करणें हा त्याचा व्यवसाय. खेळ बनविण्याचें रीतसर शिक्षण त्याला नव्हतें. त्यानें २०१३ मध्यें ‘डेझी’च्याच पायावर नवी इमारत उभारली. एका बेटावर सोडून दिलेलीं शाळकरी मुलें परस्परांशीं मरेपर्यंत लढतात, असें कथानक असलेला ‘बॅटल रॉयल’ हा जपानी चित्रपट २००० सालीं निघाला होता. शेवटचा एकच उरावा ही कल्पना आणि खेळाच्या प्रकाराचें नांवही ग्रीननें त्यावरून घेतलें. खेळतांना तो स्वतःस ‘प्लेअरअननोन’, म्हणजे अज्ञात खेळाडू, असें म्हणवून घेई.

या अज्ञाताला पुढें दक्षिण कोरियांतून पत्र आलें. तेथील ब्लूहोल मंडळींतील किम चांग-हान यांच्या मनांत अशाच प्रकारचा खेळ करण्याचें होतें. ग्रीन २०१६ मध्यें कोरियांत गेला, आणि वर्षभराच्या आंतच २३ मार्च २०१७ रोजीं ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ हा खेळ संगणकांसाठीं प्रसिद्ध झाला. या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांवरूनच ‘पबजी’ हा शब्द पडला आहे. एरँगल हें बेटाचें नांव ग्रीननें आपल्या मुलीच्या एरिन या नांवावरून ठेवलें. २०१८ च्या जानेवारींत एकाच क्षणीं बत्तीस लाखांहून अधिक माणसें हा खेळ संगणकावर खेळत असल्याची नोंद झाली. मार्च २०१८ मध्यें चीनमधील टेन्सेंट मंडळीनें त्याची मोबाइलवरील आवृत्ति काढली, आणि तीच भारतांतील घरांत शिरली.

शंभर माणसें निरनिराळ्या गांवांत बसून एकाच बेटावर लढतात, हें घडतें कसें, याचेंही थोडें कुतूहल श्रोत्यांस असेल. खरें बेट कोणाच्याही मोबाइलांत नसतें. तें असतें दूरच्या एका मोठ्या संगणकांत. त्यालाच सर्व्हर म्हणतात. खेळाडूनें बोट हलविलें कीं त्याची वर्दी सर्व्हरकडे जाते. सर्व्हर शंभरही जणांच्या वर्द्या गोळा करून कोण कोठें आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा निवाडा करतो आणि तो सर्वांना कळवितो. हें सेकंदांत अनेक वेळां चालतें. खो-खोच्या मैदानांतील पंचाचीच ही जागा. मात्र हा पंच मैदानापासून शेंकडों कोस दूर बसलेला. प्रकाश कांचेच्या तंतूंतून सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. मुंबईहून कोरियाची राजधानी सुमारें साडेपांच हजार किलोमीटर दूर. तेव्हां निरोप जाऊन उत्तर येण्यास, वाटेंत कोठेंही खोळंबा झाला नाहीं तरी, सेकंदाचा अठरावा हिस्सा लागणारच. व्यवहारांत खोळंबा होतोच. ज्याच्या घरीं लहरी कमजोर, त्याला शत्रु दिसण्याआधींच शत्रूची गोळी लागलेली असते. म्हणून मुलें घराच्या गच्चीवर किंवा एखाद्या ठराविक खिडकीपाशीं जाऊन बसतात. त्यांच्या या वागण्यांत विक्षिप्तपणा नसून साधें पदार्थविज्ञान असतें.

भारतांत हा खेळ एवढ्या वेगानें कां पसरला, याचीं कारणें खेळापेक्षां बाहेरच अधिक आहेत. संगणकावरील पबजी विकत घ्यावा लागे आणि त्याला भारी यंत्र लागे. मोबाइलवरील पबजीस प्रवेशमूल्य नव्हतें. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचे दर एकाएकीं कोसळले होते, आणि त्याच सुमारास स्वस्त मोबाइल खेडोपाडीं पोहोंचले होते. पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरांत मागें राहिलेल्या मुलाला आईबापांचा आवाज ऐकण्यासाठींही मोबाइलच लागतो. तोच मोबाइल त्याला मित्रांची संगत देतो आणि तोच बेटावरही नेतो. शहरांतल्या मुलाला मैदान नाहीं आणि खेड्यांतल्या मुलाला घरांत माणूस नाहीं, अशा दोन्ही ठिकाणीं हा खेळ संगतीची उणीव भरून काढतो. त्याचें वेड म्हणजे केवळ बंदुकीचें वेड नव्हे.

खेळ फुकट दिला तर मालकाला मिळतें काय? मिळतें, आणि पुष्कळ मिळतें. खेळांतील पात्रांचे झगे, बंदुकांवरील नक्षी, नाचण्याच्या तऱ्हा या वस्तु खऱ्या पैशानें विकत मिळतात. त्यांनीं लढण्याचें बळ वाढत नाहीं. वाढतो तो केवळ डौल. यांतील कांहीं वस्तु सोडतीसारख्या पेट्यांत बंद असतात आणि पेटींत काय निघेल हें आधीं सांगतां येत नाहीं. लग्नाच्या वऱ्हाडांत जरीचा फेटा बांधून मिरविण्याची जी हौस, तीच ही. परंतु वऱ्हाड वर्षांतून एकदां निघतें. येथें तें दर अर्ध्या तासानें निघतें.

या वेडाची दखल लौकरच सर्वत्र घेतली गेली. २०१९ च्या जानेवारींत दिल्लीस विद्यार्थी-पालकांच्या सभेंत एका मातेनें मुलाच्या खेळण्याची तक्रार केली, तेव्हां पंतप्रधानांनीं लगेच पबजीचें नांव घेतलें आणि सभागृहांत हंशा पिकला. त्याच सुमारास एका अकरा वर्षांच्या मुलानें आईच्या मार्फत मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज करून या खेळावर बंदी मागितली. मार्चमध्यें गुजरातेंत राजकोटच्या पोलिसांनीं शहरापुरती बंदी घातली आणि कांहीं तरुणांना पकडलेंही. त्यानंतर २०२० सालीं करोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरूं लागले, आणि ज्या घरांनीं तोंवर मुलाच्या हातीं मोबाइल दिला नव्हता त्यांनाही तो शिक्षणासाठीं द्यावा लागला. पाटी आणि रणांगण एकाच कांचेंत आलें. मूल धडा गिरवीत आहे कीं लढत आहे, हें दारांतून पाहणाऱ्या आईला ओळखतां येईना.

अशा वेळीं बंदी आली, पण ती मुलांच्या काळजीपोटीं आलेली नव्हती. जून २०२० मध्यें गलवानच्या खोऱ्यांत भारतीय व चिनी सैनिकांची चकमक झाली. त्या महिन्याच्या अखेरीस केंद्र शासनानें चिनी संबंधाचीं ५९ ॲपें बंद केलीं. २ सप्टेंबर रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वयें आणखी ११८ बंद झालीं, आणि त्यांत पबजी मोबाइल हें नांव होतें. नागरिकांची माहिती परदेशीं जाते आणि त्यायोगें देशाच्या सुरक्षिततेस धोका पोहोंचतो, असें कारण देण्यांत आलें. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद पडले. पुष्कळ घरांनीं सुटकेचा निश्वास टाकला. घरांतील जो प्रश्न घराला सुटत नव्हता, तो दिल्लीनें सोडविला असें वाटलें.

तें वाटणें वर्षभरही टिकलें नाहीं. खेळाच्या कोरियन मालकांनीं, म्हणजे क्राफ्टन मंडळीनें, भारतांतील कारभार टेन्सेंटकडून काढून स्वतःकडे घेतला आणि २ जुलै २०२१ रोजीं ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नांवानें तोच खेळ परत आणला. या वेळीं त्यानें सोंवळें नेसलेलें होतें. रक्ताचा रंग हिरवा झाला. हें जग काल्पनिक आहे अशी सूचना आरंभीं ऐकूं येऊं लागली. अठरा वर्षांखालील मुलांस पालकांच्या संमतीची, दिवसास तीन तासांची आणि सात हजार रुपये खर्चाची मर्यादा घालण्यांत आली. वर्षभरांत दहा कोटि लोकांनीं नांवें नोंदविल्याचें मालकांनीं जाहीर केलें, आणि त्याच महिन्यांत, २८ जुलै २०२२ रोजीं, शासनाच्या आदेशानें तो पुन्हां अदृश्य झाला. मे २०२३ मध्यें तीन महिन्यांच्या परीक्षेच्या अटीवर तो तिसऱ्यांदां आला. मुलांना तीन तास आणि प्रौढांना सहा तास ही मर्यादा त्या वेळीं ठेवण्यांत आली.

या येण्याजाण्यांत एक गोष्ट स्पष्ट होते. शासनानें पाहिलें तें माहितीच्या रक्षणाकडे, आणि तें त्याचें कामच होतें. मुलानें ताटावरून कधीं उठावें व ताटावर कधीं बसावें, हा त्याचा विषय नव्हता. तीन तासांची मर्यादाही पाहावी. खेळणारा अठरा वर्षांखालील आहे हें यंत्राला कळणार कसें? तें मुलाच्या सांगण्यावरून, किंवा वडिलांच्या मोबाइलवर आलेल्या आंकड्यांवरून. वडिलांनीं तो आंकडा न वाचतांच मुलाला सांगितला, कीं मर्यादा संपली. म्हणजे दिल्लीची व कोरियाची सारी तटबंदी शेवटीं घरच्या उंबरठ्यावर येऊन टेकते.

दरम्यान या देशांतही असे खेळ घडूं लागले. नगरपासून सुमारें सव्वाशें किलोमीटरवरील पुणें शहरांत सुपरगेमिंग नांवाची मंडळी आहे. ‘मास्कगन’ हा अनेकांनीं मिळून खेळण्याचा बंदुकीचा खेळ तिनें काढला, आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘इंडस’ हा शेवटचा-एक-उरे या जातीचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील बेटाचें नांव वीरलोक, आणि वास्तु, वेश व शस्त्रें यांत भारतीय कल्पनांचा उपयोग करण्याचा प्रयत्न आहे. परक्याचा खेळ खेळणारी पिढी स्वतःचे खेळ रचूं लागली, ही गोष्ट अभिमानाची आहे. मिन् ली विद्यार्थी होता, ग्रीन छायाचित्रकार होता. या खेळाच्या इतिहासांतील मोठीं पावलें खेळतां खेळतां कुतूहलानें यंत्र उघडून पाहणाऱ्यांनींच टाकलेलीं आहेत. मुलगा खेळतो एवढेंच न पाहतां तो त्यांत काय शोधतो, हेंही घरानें पाहावें, असा बोध या इतिहासांतून निघतो.

खेळाला प्रतिष्ठाही मिळत आहे. डिसेंबर २०२२ मध्यें भारत शासनानें ई-क्रीडेला बहुविध क्रीडास्पर्धांच्या अंगाखालीं मान्यता दिली. २०२३ च्या हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत पबजी मोबाइलच्या एका खास आवृत्तीसाठीं पदकें होतीं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानें पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, पण ई-क्रीडेला मात्र उत्तेजन देण्याचें धोरण ठेविलें. दुसऱ्या बाजूस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालीं मान्य झालेल्या रोगसूचींत खेळाच्या विकाराची गणना आहे. त्याचीं लक्षणें सांगतांना संघटनेनें तासांचा हिशेब दिलेला नाहीं. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांहून खेळ मोठा वाटणें, आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणें, हीं तीन लक्षणें सामान्यतः वर्षभर टिकलीं तर तो विकार समजावा, असें तिचें म्हणणें आहे. रोज तासभर खेळून अभ्यासाला बसणारें मूल रोगी नव्हे. आणि ज्याची झोंप, शाळा व बोलणें सुटलें आहे त्याला ‘वय वाढलें कीं सुटेल’ म्हणून सोडून देणेंही बरें नव्हे. त्याला वैद्याकडे नेण्यांत लाज मानण्याचें कारण नाहीं.

मग सामान्य घरानें करावें काय? याचें एक उत्तर महाराष्ट्रांतल्याच दोन गांवांनीं २०२२ सालीं शोधून पाहिलें. यवतमाळ जिल्ह्यांतील बांशी गांवच्या ग्रामसभेनें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल देऊं नये असा ठराव केला. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें दुसरा मार्ग निघाला. तेथें सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजूं लागला, आणि साडेआठ वाजतां तो पुन्हां वाजेपर्यंत गांवांतील सर्वांनीं दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावे असें ठरलें. दीड तास मुलें अभ्यास करीत. या दुसऱ्या मार्गांतील मर्म ‘सर्वांनीं’ या एका शब्दांत आहे. मुलाचा मोबाइल बंद आणि वडिलांचा चालू, असा न्याय त्यांत नव्हता. मुलाचे मित्रही त्याच वेळीं दूर होत, म्हणून मागें राहिल्याचें दुःखही कोणाला नव्हतें.

सायबर कॅफेंतील घड्याळ पूर्वीं जें काम करी तें आतां कोणीं तरी करावयास हवें, आणि तें करणारा घराखेरीज दुसरा कोणी नाहीं. परंतु घड्याळ लावण्यापूर्वीं खेळाचें माप ठाऊक पाहिजे. हा खेळ मिनिटांनीं मोजतां येत नाहीं. तो डावांनीं मोजावा लागतो. ‘आतांच्या आतां ठेव’ असें सांगणें म्हणजे चालू खो-खोंतून गड्याला हात धरून ओढणें होय. त्यानें आज्ञा पाळली तरी तो मनांतून दुखावतो. ‘आठ वाजतां जेवण आहे, साडेसातनंतर नवा डाव मांडूं नये’ असें सांगितलें, तर तें त्याला कळतें, आणि मोडल्यास चूक त्याची ठरते. ही सूचना लहान आहे, पण ती देतां येण्यासाठीं आईबापांनीं एकदां तरी मुलाच्या शेजारीं बसून एक डाव आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला पाहिजे. उडी कोठें टाकली, मित्राला कां सोडलें नाहीं, वर्तुळ कोणत्या बाजूस सरकलें, असे प्रश्न विचारले पाहिजेत. ज्याला हे प्रश्न विचारतां येतात, त्याचें ‘पुरे’ हें म्हणणें मूल अधिक ऐकतें.

आणि मग एखाद्या रविवारीं त्याच मुलाला घेऊन रणगाड्यांच्या संग्रहालयांत जावें. पडद्यावरच्या बेटांत मेलेला गडी मिनिटभरांत नव्या विमानांत बसतो. संग्रहालयांतील त्या पॅटनमध्यें जीं माणसें बसलीं होतीं, त्यांना दुसरा डाव नव्हता. थंड पोलादावर हात ठेवून हें मुलाला एकदां कळलें, कीं खेळ खेळाच्या जागीं राहतो. परततांना वाटेंत भुईकोट किल्ल्याचें वाटोळें वर्तुळ लागेल. तें चारशें वर्षांत लहान झालेलें नाहीं. सावकाश एक फेरी घालण्यास तें पुरेसें आहे, आणि त्या फेरींत बाप-लेकांना बोलावयाला हवा तेवढा वेळ मिळतो.